बायकोने मागवलेला नवरा

४ फेब्रुवारी, बुधवार
पोहोचलो. सात वर्षांनी बायकोसमोर उभा राहिलो. विमानात एक छान वाक्य तयार करून ठेवलं होतं. ती म्हणाली, सामान एवढंच ना, आणि ट्रॉली घेऊन चालू पडली. वाक्य राहिलं.

गाडी तिने चालवली. मी शेजारी बसून डावीकडे, उजवीकडे सांगत होतो. मोबाइलमधली बाईही सांगत होती. बायकोने त्या बाईचं ऐकलं.

५ फेब्रुवारी
घर पाहिलं. तिसरा मजला, दोन खोल्या, खिडकीतून समोरच्या लाँड्रीची फिरणारी मशिनं दिसतात. बायको हॉस्पिटलात डायलिसिस विभागात नर्स. सात वर्षं सगळं एकटीने ओढलं बिचारीने. आता मी आलोय. संकल्प: आठवड्याभरात घराची घडी बसवणे. महिन्याभरात नोकरी, शक्यतो मॅनेजरची. मग ड्रायव्हिंग.

व्हिसाची कागदपत्रंही चाळली. तिच्या नावापुढे 'स्पॉन्सर', माझ्या नावापुढे 'अवलंबित'. पाणीपुरवठा ऑफिसात मी हेडक्लार्क होतो, असले शब्द मनाला लावून घेत नाही. सहा महिन्यांनी स्पॉन्सरने सही करून द्यायची की आम्ही नवराबायको म्हणून एकत्र राहतो. न दिल्यास अवलंबिताने परत जायचं. फॉर्मॅलिटी आहे.

६ फेब्रुवारी
ती कामावर असताना स्वयंपाकघर लावलं. डबे उंचीप्रमाणे, चमचे लांबीप्रमाणे. संध्याकाळी आली, मीठ शोधलं, सापडलं नाही.  जेवण झाल्यावर सगळं पुन्हा होतं तसं लावलं. थकली असणार.

८ फेब्रुवारी, रविवार
आमचा वार. सात वर्षं दर रविवारी संध्याकाळी तासभर फोन. दादा वहिनीला सांगायचा, ह्याच्यासारखं बायकोचं ऐकून घेणारा नवरा शोधून सापडायचा नाही. त्याला माझी पद्धत माहीत नव्हती. फोन स्पीकरवर, टीव्हीवर मॅच, आवाज बंद. ती थांबली की 'हं'. जास्त वेळ थांबली की 'बरोबर आहे'. आवाज चढला की 'तू म्हणशील तसं'. एवढ्यावर संसार सुरळीत चालला. लोक उगाच मोठमोठी पुस्तकं वाचतात.

आज त्याच वेळी समोरासमोर सोफ्यावर बसलो. ती वॉर्डातलं काही सांगू लागली. मी 'हं' म्हटलं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि बोलणं तिथेच संपलं. प्रत्यक्षात चेहरा दिसतो, ही मोठी अडचण आहे. सवय होईल तिला.

१६ फेब्रुवारी
बायकोला अचानक रात्रपाळी लागली. मी सकाळी उठतो तेव्हा ती येते, येते आणि झोपते. नवरा इतक्या वर्षांनी घरी आलेला, आणि ह्या हॉस्पिटलवाल्यांना जरा तरी काही वाटावं. मी दिवसभर पावलं न वाजवता फिरतो. व्हॅक्यूम क्लीनर एकदाच लावला.

३ मार्च
एका गोदामात मुलाखत. शिस्त ह्या विषयावर बोललो. पाहतच राहिले. कळवतो म्हणाले. ह्याचा अर्थ निवड नक्की, फक्त वरून मंजुरी यायची असावी.

१० मार्च
ड्रायव्हिंगचा पहिला धडा. शिकवणारा मध्येच गाडीतून उतरून थोडा वेळ फुटपाथवर उभा राहिला. घाबरट आहे. शिकवणारा बदलावा लागणार.

२२ मार्च
आजपासून सोफ्यावर झोपतो. पाठीला बरं असतं. कल्पना माझीच. तिने आधी बोलून दाखवली, पण माझ्या मनात होतीच.

गोदामातून अजून काही नाही.

१४ एप्रिल
संसारात काहीतरी बिनसलंय, आणि त्याचं कारण मी शोधून काढलं. रात्रपाळी. बायको आणि नवरा एकाच वेळी जागे असतात तो वेळ फक्त भांडी घासण्यापुरता. उपाय सरळ आहे. तिच्या विभागाच्या इनचार्जना रीतसर अर्ज लिहिला. विषय: पत्नीस दिवसपाळी देणेबाबत. महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून, वगैरे. हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये भेटलेल्या एका तरुण डॉक्टरने इंग्रजी करून दिलं. हसत होता. आनंदी स्वभाव असावा. स्वतः जाऊन अर्ज दिला, पोच मागितली. तिला सांगितलेलं नाही. सरप्राइज.

१७ एप्रिल
सरप्राइज झालं.

इनचार्जने अर्ज तिच्याच हातात ठेवला. दिवसपाळी तिला तीन वर्षांपूर्वीच मिळाली होती. रात्रपाळी तिने स्वतः मागून घेतली, फेब्रुवारीत. दिवसपाळी मिळाली त्या आठवड्यात तिने फोनवर सांगितलं होतं म्हणे, पेढे वाटावेत इतका आनंद झाला होता. मला आठवेना. तेव्हा सेमीफायनल चालू असावी.

मी तिला विचारलं की रात्र का मागितलीस. तिने आधी बूट काढले, मोजे काढले, मग बोलली.

"मी तुम्हाला विचारलं होतं. इतकी वर्षं वेगळे राहिलोय, आता एकत्र जमेल का, खरं सांगा, नाहीतर आहे तसंच राहू दे. तुम्ही म्हणालात, तू म्हणशील तसं. मला वाटलं, पहिल्यांदाच ह्या माणसाने माझ्यावर काही सोपवलं. खूप रडले त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन तुमचे कागद भरले. इथे आल्यावर समोर बसून तुमचं 'हं' पाहिलं, आणि कळलं."

 काही बोलावं असं फार वाटत होतं, पण तोंडात तीच तीन वाक्यं होती.

१९ एप्रिल, रविवार
दादाला फोन. सगळं उत्तम आहे म्हणून सांगितलं. वहिनी मागून म्हणाली, आवाज असा का येतोय. रेंज नाही म्हटलं.

७ जून
बायकोची मैत्रीण चहाला आली. वॉर्डातलीच, टोचून बोलते, म्हणून मी तिला मनात इंजेक्शन म्हणतो. माझ्यासमोरच विचारलं, "मग, सही करणार आहेस का?" बायको म्हणाली, "बघू."

वीस वर्षं मी खिडकीवर आलेल्या माणसांना 'बघू' म्हणत आलो. त्यातल्या कोणाचंच काम पुढे मी पाहिलं नाही. पण ते ऑफिस होतं, हे घर आहे. फरक असणार.

चहा गार झाला तरी पीत बसलो. मला परत जायचं नाहीये. इथलं मला काहीही आवडलेलं नाही, ना हवा, ना सोफा. पण सकाळी दारात तिची किल्ली वाजते तेव्हा मी जागा झालेला असतो आणि झोपल्याचं सोंग करतो. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

१२ जुलै, रविवार
आजचा रविवार फुकट गेला. ती सुट्टीवर होती. संध्याकाळी समोर येऊन बसली आणि एका म्हाताऱ्या पेशंटबद्दल बोलू लागली. सहा वर्षं तिच्याच मशिनवर यायचा. सुई टोचताना दरवेळी तिला म्हणायचा, पोरी, आज हात हलका आहे तुझा. तो गुरुवारी गेला. त्याची खुर्ची दुसऱ्या दिवशी दुसऱ्याला दिली.

टीव्ही चालू होता. मी बंद केला, कारण त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं ते ऐकायचं होतं. तिला सल्ला द्यायचा होता की नोकरीत एवढं गुंतायचं नसतं. मुद्देही तयार होते. पण ती बोलत राहिली आणि मला 'हं' म्हणायचंसुद्धा सुचलं नाही. बोलून झाल्यावर ती चहा करायला उठली. एकही मुद्दा मांडता आला नाही. असं चाललं तर माझी छाप कशी पडणार.

२८ जुलै
गोदामाला स्वतः फोन केला. माझं नावच त्यांना सापडेना. मॅनेजरचा नाद तूर्त सोडला. प्रकृतीला ताण बरा नव्हे.

३ ऑगस्ट
सही झाली. तिने ती माझ्यासमोर, ओट्यावर कागद ठेवून उभ्याने केली. मी म्हटलं, म्हणजे आपलं जमलं तर.

"एकत्र राहतो का, एवढंच विचारलंय त्यात. ते खरं आहे. पुढचं त्यांनी विचारलेलं नाही."

मग म्हणाली, पुढच्या सोमवारपासून तिची पुन्हा दिवसपाळी. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलो. मला बसायला सांगितलं. हॉस्पिटलच्या पार्किंगला रात्रीचा वॉचमन हवा आहे, तिने माझं नाव देऊन ठेवलंय, त्यांनी होही म्हटलंय. म्हणजे ती सकाळी आत जाणार, मी तेव्हा बाहेर पडणार. गेटवर गाठ पडेल, जेमतेम दहा मिनिटं.

दहाच मिनिटं, मी म्हटलं.

"सध्या मला तेवढंच झेपेल. आमच्यात पाळी बदलताना जाणारी येणारीला सांगते, रात्री काय काय झालं. तसं तुम्ही मला सांगायचं. दुसऱ्या दिवशी मी सांगेन."

पार्किंगमध्ये रात्री काय होणार, मी विचारलं. काही झालंच नाही तर?

ती म्हणाली, बघायला शिका, काहीतरी होतंच.

९ ऑगस्ट, रविवार
उद्या पहिली रात्र. युनिफॉर्म आला. पँट चार बोटं लांब आहे. खालून दुमडून दे म्हणून तिला हाक मारणार होतो, पण ती झोपली आहे. सुई-दोरा शोधून काढला. शिवतोय. एक पाय झाला, दुसरा त्याहून आखूड झाला आहे. उसवून पुन्हा टाके घालतो.