फ्रीजवरचं वायंगण

८ नोव्हेंबर
पार्सेहून परत. सासूबाईंनी मूठभर सुकी मिरची बांधून दिली, "बियांक" म्हणून. त्यांच्याकडेही आता एवढीच. मेहुणा विमानतळावर नोकरीला लागला आणि वायंगण, हिवाळ्यातलं दुसरं पीक, सुटलं. भात कापून झालं की थंडीत ज्या मळ्यात मिरची उभी असायची, तिथे आता रान आणि मधोमध एक फलक, 'सी व्ह्यू'. समुद्र तिथून दिसत नाही.
सु. त्याच घरची लेक, लग्न होऊन माझ्याकडे आलेली. तिला ही मिरची वासावरून ओळखता येते. येत असे. दुसऱ्याच्या घरी कालवण समोर आलं की ताटावर वाकून सांगायची, आमच्या मळ्याची की बाजारची. पावसाळ्यात ताप आला, गेला, जाताना नाक घेऊन गेला. डॉ. म्हणतात, येईल वास. कधी, असं विचारलं की ते चिठ्ठी लिहायला लागतात.
तेव्हापासून ती स्वयंपाकघरात जात नाही. रांधप माझ्याकडे. माहेरी सांगितलेलं नाही. तिथे अजून 'सर्दी' चालू आहे.

९ नोव्हें.
सु.: "डिचोलीत, तिसऱ्या मजल्यावर मिरची लावणार? कुठे, माझ्या डोक्यावर?"
फ्रीजच्या, म्हटलं. तिथे ऊब असते. गॅलरीत ठेवली तर माकडं आहेतच, शिवाय खनिजाच्या ट्रकांची तांबडी धूळ. रोपाला उजेड हवा, लोह नको.
बी कोमट पाण्यात भिजत. निम्मीच मिरची फोडली. उरलेली बाटलीत घालून देवघरात ठेवली. घरात कोरडी आणि कुणी हात न लावणारी जागा तेवढी एकच.

१६ नोव्हें.
काही नाही. आईस्क्रीमच्या डब्यांत नारळाच्या सोडणाचा भुसा आणि माती, वर मी वाकलेला.
मिरचीला जुन्या संस्कृतात नाव नाही. मरिच आहे, पण ती मिरी. ही बया पोर्तुगिजांच्या गलबतातून आली, पावाच्या आगेमागे. फोंड्याच्या पाठशाळेत सगळे ऋषी मिरचीशिवाय जेवत होते असं धरून आम्ही शिकलो, आणि दुपारी आमटीने नाक गाळत उठलो.
सु.ला बाजारची एक मिरची चावायला दिली. डोळ्यांत पाणी. "तिखट लागतं हो. कुठलं ते लागत नाही."

२१ नोव्हें.
कोंब! हिरवे, वाकलेले, डोक्यावर बियाची टोपी. सु.ला उठवलं. म्हणाली, "पंचायतीच्या बातमीला असे धावत कधी गेला नाहीत."

२९ नोव्हें.
सगळी गेली. मुळाशी काळी पडून एकेक आडवी. कारण सापडलं, ते मीच. पंचपात्रातल्या पळीने त्रिकाळ पाणी. संध्येला जे प्रमाण, ते रोपाला. खालच्या मजल्यावरचे रेडकर (सावंतवाडीकडचे, खनिजाचा ट्रक चालवतात) डबे बघून म्हणाले, "गुरुजी, बुडवून मारलास मा. मंत्र तरी घातलास काय?"
सु. हसली. बऱ्याच दिवसांनी. रोपं मेली हे त्या मानाने स्वस्त.

१ डिसें.
बाटलीतल्या थोड्या मिरच्या फोडून पुन्हा पेरणी. पळी देवाकडे परत. पाणी आता सु. घालते, बोट मातीत खुपसून. म्हणाली, "कोरडं लागलं तरच. तुमच्या पंचांगाप्रमाणे नाही."

१५ डिसें.
आली. या खेपेला मी ओरडलो नाही.

२३ डिसें.
पहाटे धुकं. खिडकीची काच पुसली की तांबडं पाणी ओघळतं, आणि मग उजेड येतो तो पेजेच्या निवळीसारखा. रोपं सगळी तिकडे माना करून उभी, लांब गळ्यांची, पायांत जोर नाही. कुठेतरी वाचलं होतं, वारा लागला की देठ घट्ट होतो. म्हणून थंडीत टेबलफॅन लावला. सु. शाल पांघरून समोर बसली. पंखा रोपांना आणि शाल तिला. मधे मी चहा घेऊन. कुणी दार उघडून पाहिलं असतं तर!

२ जाने.
दुपारी वर्तमानपत्रासाठी जत्रेचा मजकूर लिहिता लिहिता डोळा लागला. मिरचीच्या रानातून चालतोय, झाडं छपराएवढी, खाली सावली हिरवी आणि थंड. पुढे सु. चाललेली, दर झाडाशी थांबून वास घेते आणि काहीतरी नाव सांगते. मला ऐकू येत नाही. मोठ्याने सांग म्हटलं तर वळली, आणि तेवढ्यात कुकर. सारखी नावं आठवायचा प्रयत्न करतोय. माझ्या स्वप्नात तिला नाक आहे, मला कान नाहीत.

११ जाने.
रोपं कुंड्यांत. रेडकरांनी लाटंबार्सेच्या शेतातली माती आणून दिली. वर येऊन बघून गेले. "काय तरी रोपा, गुरुजी! आमच्या मळ्यात अशी जाली नाय." मग त्यांची बायको आली. मग शेजारीण. मी यजमानासारखा दारात उभा.
उद्या सासूबाई येणार, जत्रेला. सु.: "आईला काही सांगू नका. मी बघते."

१२ जाने.
सासूबाई आल्या. पिशवीत नारळ, उकडे तांदूळ, केळी. माझ्या हातची आमटी जेवल्या. "जावयांनी केली?" एवढंच. त्या एवढ्यात सगळं आलं.

१३ जाने.
सकाळी पंचायतीत. परत आलो तो जिन्यातच ठसका. दुसऱ्या मजल्यावर रेडकर, नाकाला टॉवेल: "गुरुजी, वर लढाई लागली काय?"
घरात धूर. सासूबाईंनी रोपांची दिष्ट काढली होती. इतकी माणसं येऊन वाखाणून गेली म्हटल्यावर काढायलाच हवी. मीठ, मोहरी, मिरच्या रोपांवरून ओवाळून पेटत्या सोडणावर. मिरच्या कुठल्या, हे विचारायच्या आधी देवघराकडे पाहिलं. बाटली रिकामी.
"देवाकडेच ठेवलेल्यो मा," त्या म्हणाल्या. "माका वाटला ह्याच कामाक आसतल्यो."
चूक कुणाची म्हणायची? देवघरातली मिरची दिष्टीची, हे शहाण्या माणसाला कळायला हवं होतं.
पार्सेचं बी संपलं. आता कुंड्यांत आहे तेवढंच.
आणि यात विनोद असा, की ठसका लागला तर दिष्ट नव्हती. लागली असती तर मिरची जळूनही वास येत नाही म्हणतात. इथे तर सगळी इमारत खोकत होती. सासूबाई खोकता खोकता समाधानी. सु.ही खोकत होती, पदर डोळ्यांना. त्यांनी तिच्याकडे वळून विचारलं, "आमच्या मळ्याचीच गो. वास वळखलंस?"
त्यांनी परत विचारलं.
"आई, माका वास येणा नाय. पावसापासून."
मग नुसता धूर. सासूबाईंच्या मुठीत थोडं मीठ उरलं होतं, ते या मुठीतून त्या मुठीत करत बसल्या. मी खिडकी उघडायला गेलो. ती उघडीच होती.

१४ जाने.
सासूबाई जत्रेला गेल्या नाहीत. सकाळी सु.ला हाताला धरून ओट्यापाशी नेलं. मी बाहेर, वर्तमानपत्र तोंडासमोर, पण ऐकत. सु. म्हणत होती, फोडणी करपली तरी मला कळायची नाही. सासूबाई: "रांदप नाकान करतत काय गो? हातान करतत."
तेलाचा आवाज ऐकायला लावला. कांदा बोटांत चेपायला लावला. सु. चिडली, "मी काय नवी नवरी?" तरी दुपारी जेवायला दोघींनी वाढलं. मीठ जास्त. मी दोनदा घेतलं.

२० जाने.
सासूबाई गेल्या. बसस्टँडवर मला बाजूला घेतलं. वाटलं, सु.बद्दल बोलणार. म्हणाल्या, "पयली मिरची येयत ती खावची नाय. ती बियांक." बसमध्ये चढल्या आणि मग खिडकीतून, "तिका सांभाळात."

३ फेब्रु.
बोकड्या. पानं मुठीसारखी वळतात, रोप थांबतं. एक गेलं, शेजारचं लागलं. राख, ताक, कडुनिंब, जे जे कुणी सांगेल ते. सु. रोगट रोपं उपटून दूर टाकते, मी दया दाखवतो. ती म्हणते दयेने उरलेली जातील. खरं आहे.
ती अर्धाच स्वयंपाक करते. फोडणीपर्यंत. मग मला बोलावून बाजूला होते.

१२ फेब्रु.
तीन कुंड्या. फुलं आली, पांढरी, खाली बघणारी. आणि गळाली. मधमाशी तिसऱ्या मजल्यावर कशाला येईल. मी शेजारच्या मुलांच्या रंगकामाचा ब्रश आणून फुलाफुलाला लावतोय. सु.: "शास्त्रीबुवा, लग्नं लावताय का?" मग ब्रश काढून घेतला, करंगळीच्या टोकाने फूल हलवलं. म्हणे इतकंच लागतं.

२६ फेब्रु.
एका फुलाचं फळ धरलं. गव्हाच्या दाण्याएवढं, हिरवं. आम्ही दोघं चष्मे लावून.

१० मार्च
ऊन वाढलं. बाकीची फुलं गळतातच. ती एकच मिरची, रोज थोडी लांब.
शिकलो होतो की वास हा मातीचा गुण, पाण्याचा नव्हे, वाऱ्याचा नव्हे. वारा फक्त वाहून आणतो. दुपारी पडून त्याचाच विचार. लाटंबार्सेच्या मातीत पार्सेची मिरची, तिला वास कुठला येईल? आणि जिच्यापर्यंत पोचायचा तिथलं दार लागलेलं. कडी आतून की बाहेरून, डॉक्टरांनाही माहीत नाही.
झोप लागली बहुतेक. उठलो तेव्हा सु. कुंडीशी बसलेली, डोळे मिटून, मिरचीला नाक लावून. मी परत डोळे मिटले.

२ एप्रिल
लाल होत आली. आता पंचाईत. सासूबाईंचं सांगणं, पहिली बियांक. तीच एकमेव. बी ठेवलं नाही तर मिरची संपली. आणि मी पाच महिने हे सगळं केलं ते सु.ने ती एकदा हुंगावी, चाखावी म्हणून. पूर्वपक्ष, उत्तरपक्ष मांडून पाहिले. निर्णय नाही. सु.पुढे विषय काढला नाही. तिनेही नाही.

५ एप्रिल
पूर्ण लाल. फोनवर सासूबाई: "बियांक मा?" मी हो म्हटलं. खोटं की खरं, अजून ठरलेलं नाही.

६ एप्रिल
ठरवलं सु.ने. मी आंघोळीला गेलेलो, येऊन पाहतो तर मिरची खुडलेली. ओट्यावर कागद, त्यावर बिया एकेक वेगळी करून सुकत घातलेल्या. आणि बशीत नुसतं साल.
"बी बीच्या जागी," ती म्हणाली. "साल कशाला हवंय पेरायला?"
दोन पाठशाळांत शिकून मला हे सुचलं नाही.
मग मला बाहेर काढलं. "तुम्ही तोंडाकडे बघत बसता. माझं मी बघते." दार अर्धं लोटून घेतलं. थोडा वेळ रगड्याचा आवाज, खोबरं असावं. मग तोही थांबला. पुढ्यात पंचायतीची बातमी, एक ओळ झाली आहे.
आता डबे उघडतेय. झाकण निघतं, जरा वेळ जातो, झाकण लागतं. मग दुसरा. हिंग असेल, धणे असतील, मला इथून काय कळणार. परत एक. परत.
आत्ता एकाचं झाकण निघालं. लागल्याचा आवाज अजून आलेला नाही.