पुलावरचा फोन

शनि. ४ ऑक्टो., नेपरव्हिल
उद्या निखिलच्या आईबाबांना घेऊन इंडियानाला, छताचा जुना लाकडी पूल बघायला. काकूंच्या लेखी मी अजून 'ऑफिसमधली मैत्रीण'. आम्हाला लग्न करायचंय आणि माझ्या घरचे बौद्ध आहेत, दोन्ही गोष्टी नि.ने पुण्याच्या घरी सांगितलेल्या नाहीत. "ट्रिपवर मूड बघून सांगतो ना." दोन वर्षं मूडच बघतोय!

रवि. ५
पूल लालभडक, चकचकीत. जुना कुणीतरी जाळला, गावाने वर्गणी काढून हुबेहूब परत बांधला. काका फळ्या ठोकून बघत होते. "यात मूळचं काय उरलंय?" पाटीवर मात्र 'ऐतिहासिक'.
काकू खुशीत. "प्रज्ञा, ये गं इकडे, फोटोत माझ्याशेजारी." खांद्यावर हात. मग, "वानखेडे म्हणजे अमरावतीकडचे का गं? देशमुखांत सोयरिकी असतात तुमच्या."
मी तोंड उघडायच्या आत नि., "हो गं, तिकडचेच."
मी नागपूरची. कसले देशमुख! त्याला सगळं माहीत आहे.
तेवढ्यात बाबांचा फोन. नेहमीसारखा उचलला, नेहमीसारखं म्हटलं, "जय भीम, बाबा." छताखाली आवाज केवढा घुमतो!
काकूंनी खांद्यावरचा हात काढून पर्स चाचपली. काका नदी बघायला लागले.
परतताना गाडीत तिखटमिठाच्या पुऱ्या निघाल्या. काकू मला, "घ्या ना तुम्ही." सकाळी 'अगं', दुपारी 'तुम्ही'. एवढा मान मला जन्मात कुणी दिला नव्हता.

सोम. ६
नि.शी कडाक्याचं भांडण. "टायमिंग बघायचं ना यार! नुसतं हॅलो म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं?" त्या 'तुम्ही'चं काढलं, तर म्हणे, "आई रिस्पेक्टनेच बोलतेय की."
धन्य. माझ्या बापाशी मी कसं बोलायचं, तेही आता याच्या आईच्या सोयीने.
राग येतो. रडू येतं, त्याचा जास्त राग येतो. आणि मेला अजून आवडतो...

गुरु. ९
काकूंनी ट्रिपचे फोटो पाठवले, नि.मार्फत. पूल समोरून, पूल बाजूने, काका आणि पूल. आमचा दोघींचा नाही. नि.ला विचारलं. "ब्लर आला होता गं." असेल बाई.

शनि. ११
उद्या त्यांची फ्लाइट. नि.ला सांगून टाकलं, आपण लग्न करणार आहोत हे निघायच्या आधी त्यांना सांग, माझ्यासमोर. नाहीतर मला फोन करू नकोस.
त्याने आधी फ्लाइटची वेळ तपासली. मग, "एअरपोर्टला तू आलीस तरी चालेल."
'तरी चालेल'!
जाणार आहे. "तुम्ही कशाला त्रास घेतलात?" असं काकू विचारतीलच. मी तोंड उघडणार नाही. त्याच्याकडे बघत उभी राहणार.