साडेसहाची गोळी

लिव्हिंग्स्टन, मोंटाना

प्रिय गॅरेट,

शिकारीला आणि लांबच्या नेमबाजीला मिळून एकच काडतूस हवं म्हणून मी साडेसहा मिलिमीटरच्या क्रीडमूर काडतुसाची बंदूक घेतली, तेव्हा तू हसला होतास. "लोखंडी टार्गेटला ठीक आहे गं. अस्वल समोर आलं तर काय, शिट्टी वाजवणार?" पण तुझ्या मोठ्या मॅग्नम बंदुकीच्या दणक्याने माझा खांदा सुजायचा आणि घोडा ओढण्याआधीच माझे डोळे मिटायचे. या बंदुकीने ते उघडे राहतात.

काल एल्क हरीण एकाच गोळीत पडलं. वेंडेल ते सोलत होता, मी बंदूक घेऊन शेजारी उभी होते. तेवढ्यात झुडपातून ग्रिझली अस्वल बाहेर आलं.

माझा नवरा वेंडेल कधी इतक्या हळू आवाजात बोलल्याचं मला आठवत नाही. "लॉर्ना, गोळी झाडू नकोस. तोंड त्याच्याकडे ठेव आणि मागे ये."

तुझी तोफ हातात असती तरी त्या क्षणी माझा नेम लागला नसता. आम्ही सगळं मांस तिथेच सोडून मागे मागे सरकत डोंगर उतरलो. अस्वल आमच्याकडे बघत राहिलं, मग खायला बसलं.

आता वेंडेल म्हणतो, "शिंगं तरी घेऊन येतो. तू नको येऊस." मांस संपेपर्यंत अस्वल तिथून हलत नाही, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक आहे. गाडीच्या किल्ल्या मी पिठाच्या डब्यात पुरल्या आहेत.

हे पत्र तुला मिळालं, तर तू धावत येशील आणि त्याच्यासोबत वर जाशील. म्हणून ते मी चुलीत टाकते आहे.

तुझीच, भ्यालेली बहीण,
लॉर्ना