सावळाचा घाट

मी मुक्ताबाई भ्रतार कै. नथू घारे, वय सुमारे साठ, धंदा शेती, राहणार तिकोणा पेठ, तालुका मावळ, जिल्हा पुणे, माझ्या माघारी काय कोणाचं हे या मृत्युपत्राने ठरवून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. मला कोणी भुलवलेलं नाही. धमकावलं दिराने, पण मी भ्याले नाही. उजव्या हाताची बोटं वळत नाहीत, म्हणून मी सांगते आणि लोणावळ्याचे लेखनिक जोगळेकर लिहितात. यातलं बरंचसं मृत्युपत्रात बसत नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. बसवा, असं माझं म्हणणं आहे.

कलम १. राहतं घर, भांडीकुंडी आणि दोन्ही म्हशी मुलगी रतन हिला, जी नवलाख उंबरे गावी दिली आहे. जावई कारखान्यात लागल्यापासून नाकाने कांदे सोलतात. म्हशी रतनच्याच ताब्यात राहाव्यात.

कलम २. आता घाट. सन १९५२ साली माझा नवरा आणि दीर भिमाजी यांनी माळाच्या चढावर बैलगाड्यांच्या शर्यतीची ही वाट बांधली. दगड आम्ही बायकांनी डोक्यावरून वाहिले. चैत्रातल्या यात्रेला पार खेड तालुक्यातून गाडे येत. रक्त सांडलं नाही अशी एक यात्रा मला आठवत नाही. निशाण कोणासाठी पडलं यावरून डोकी फुटत. एकदा एकाचा कान तुटला, तो कुत्र्याने नेला, आणि माणसं पोट धरून हसली.

आमच्याकडे गाड्यावर माणूस बसत नाही. पुढे एकजण घोडीवर दौडतो आणि बैल त्या घोडीमागे सुटतात. घोडी जाईल तिकडे बैल. भिमाजीच्या घोडीवर ठाकरवाडीचा सावळा असे. १९६१ च्या यात्रेत भिमाजीची बारी, म्हणजे त्याच्या गाड्याची फेरी, सुटली आणि माझी रतन, तेव्हा लहान, करडामागे पळत घाटात उतरली. सावळाने घोडी एकदम बाजूला घातली. बैल तिच्यामागे बांधावर चढले, गाडा उलटला, एका बैलाचा पाय मोडला. माझी पोर वाचली.

सावळा खाली उतरून म्हणाला, "भाऊ, पोर व्हती मदी."

"माझी बारी घालवतो व्हय रं?" म्हणत भिमाजीने जुवाची शिवळ उपसली. बैलाच्या मानेशी असते ती जाड लाकडी खुंटी. पहिला घाव तोंडावर बसला. दात मातीत पडलेले मी पाहिले. मग भिमाजीची माणसंही तुटून पडली आणि सावळा हलायचा थांबला तरी ती थांबली नाहीत. ज्या पोरीसाठी तो मेला ती भिमाजीची सख्खी पुतणी होती.

गाव करी ते राव न करी म्हणतात. आमच्या गावाने दुपारी माणूस मारला आणि दिवेलागणीला तो बैलांच्या पायाखाली गेला असं ठरवूनही टाकलं. पोलिसांना खरं सांगितलं ते मी एकटीने. नवरासुद्धा भावापुढे गप्प बसला. जाऊ शालूबाई आरतीचं ताट घेऊन सगळ्यांत जवळ उभी होती. तिच्या लुगड्यावर रक्त उडालं होतं. तीही म्हणाली, बैलांनी तुडवला.

कलम ३. वाटणीत घाट आमच्याकडे आला. नवरा वारल्यावर मी स्वतः नांगर धरला. बाईने नांगराला हात लावला की पाऊस रुसतो म्हणतात. मी घाट उभा-आडवा नांगरला. भिमाजी धावून आला, "अवदसे, घाट मोडती व्हय!" म्हणाला आणि माझा हात जुवावर दाबून दगडाने ठेचला. मी डाव्या हाताने शिवळ काढून त्याच्या गुडघ्यावर घातली. बैलाने लाथ मारल्याचं तो सांगतो ते खोटं आहे. त्या वर्षी पाऊस चांगला झाला. ती शिवळ दीर भिमाजी यांस देते.

कलम ४. खालची शेतं धरणात गेली, घाट वर राहिला. आता भिमाजीला तिथे पुन्हा गाडे पळवायचे आहेत. तो घाट मी सावळाची मुलगी चिंगी हिला देते. ती तुंगार्लीत बंगल्यांवर धुणीभांडी करते. रतनने आपला हक्क सोडला आहे. चिंगीने तिथे नाचणी पेरावी. सातबाऱ्यावर 'चिंगी सावळा' असं नाव लागेल आणि गावाला ते वाचावं लागेल. माझा जीव त्यासाठीच अडकला आहे.

कलम ५. शालूबाईला काही देत नाही. तिची तांब्याची घागर तिला परत करावी.

इथवर लिहून काम अडलं. साक्षीदार दोन लागतात. एक सावळाचा भाऊ मिळाला, पण भिमाजीच्या धाकाने पेठेतलं कोणी दुसरा अंगठा द्यायला तयार होईना. तेवढ्यात शालूबाई इथे जोगळेकरांच्या दारात आली. मला वाटलं, नवऱ्याने पाठवली.

"अक्का, माझा अंगठा घ्या."

"जीव घेईल तो तुझा."

"घिऊ द्या. लय वर्सं गिळलंय, आता न्हाई गिळवत."

कलम ५ तिला वाचून दाखवलं. ती व्हय म्हणाली. ते खोडलेलं नाही.

ठिकाण : लोणावळा. तारीख : ११ मार्च १९७४.

मुक्ताबाई नथू घारे, डाव्या हाताचा अंगठा.

साक्षीदार १ : बारकू, राहणार ठाकरवाडी, सावळाचा भाऊ. अंगठा.

साक्षीदार २ : शालूबाई भ्रतार भिमाजी घारे. अंगठा. तिने सांगितलं तसं लिहिलं : "म्या घाटावर व्हते. सावळाला बैलांनी न्हाई, माझ्या मालकांनी मारलं."