प्रितमसरांची तपासणी

डोंबिवली पूर्व,
बुधवार, १७ डिसेंबर

प्रिय शकू,

'प्रिय' लिहिण्याआधी कोऱ्या कागदाकडे बघत बराच वेळ बसलो होतो. रागावलेल्या माणसाने प्रिय लिहावं का? मग म्हटलं, हा शब्द तू जन्मल्यापासून तुझ्या नावावर आहे, तो काही प्रितमसरांना देऊन टाकलेला नाही. म्हणून लिहिला. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू म्हणतेस, "दादा, तव्यावर पोळी आहे, नंतर बोलते," आणि ते नंतर कधी येत नाही. पत्र पोळ्या संपल्यावर वाचलं तरी चालतं. मात्र पूर्ण वाच, मधलं गाळू नकोस. तुला गाळायची सवय आहे.

सुरुवात भाऊबीजेपासून करतो, कारण माझ्यापुरती ती तिथूनच झाली. एकोणीस वर्षं आपला क्रम ठरलेला आहे. तू ओवाळतेस, मी ताटात पाचशे एक घालतो आणि मालन फराळाच्या बश्या आणेपर्यंत तू पिशवीतून वर्षभराचे कागद काढून माझ्या मांडीवर ठेवतेस. रिटर्न, गाळ्याचा भाडेकरार, गॅसचं पुस्तक, कृतिकाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज. दाजी गेले त्या वर्षी त्यांच्या विम्याचा दावा मी दोन महिने अठ्ठावीस दिवसांत मंजूर करून आणला, तोही त्यांच्या आडनावात एका अक्षराची चूक असताना. लोकांचे भाऊ साड्या देतात, माझी खरी ओवाळणी ही. या वर्षी पिशवीतून फक्त चकल्यांचा डबा निघाला. मी कागद विचारले तर तू म्हणालीस, या वर्षी काही नाही रे. आणि कृतिका तोंडात करंजी धरूनच बोलली, "मामा, मम्मीचं सगळं आता प्रितमसर बघतात ना." तू तिच्याकडे जे बघितलंस ते मी बघितलं.

बाकीची हकीकत मी तिच्याकडूनच काढून घेतली, तिला रागावू नकोस. खोपटला एसटी डेपोसमोरचा तुझा पोळी-भाजी केंद्राचा गाळा गंगुबाई विकायला काढतायत. तिथे भाताची खाचरं होती तेव्हापासूनची त्यांची जमीन, आता मुलांच्या वाटण्या करायच्यात. नऊ वर्षं वेळेवर भाडं दिलंस म्हणून त्यांनी तुला पहिला शब्द दिलाय, पण जानेवारी अखेरपर्यंतच. त्यानंतर शेजारचा मोबाईलवाला पैसे घेऊन उभा आहे. आणि तू कर्जाला गेलीस तर बँकेने तुझा सिबिल स्कोअर सहाशे चौतीस आहे म्हणून अर्ज परत केला. तू, जिने आयुष्यात उधारीवर कोथिंबीर आणली नाही. एवढं सगळं झालं सप्टेंबरात. मला कळलं ऑक्टोबरच्या तेवीस तारखेला, एका करंजीच्या कृपेने. तोवर वर्तकनगरच्या कुठल्याशा प्रितमला, जो पडलेला स्कोअर सुधारून देण्याची कंपनी चालवतो, तू पंधरा हजार देऊन बसली होतीस. दोन हप्त्यांत.

मग सुशांतचा साखरपुडा. स्वतःच्या मुलाच्या साखरपुड्यात माणसाने होणाऱ्या सुनेकडे, ऐश्वर्याकडे बघावं, मी तुझ्याकडे बघत होतो. तुझा फोन वाजला, तू हॉलबाहेर जिन्यात गेलीस, पर्समधून छोटी डायरी काढलीस आणि भिंतीला टेकून लिहून घेत राहिलीस. चौदा मिनिटं. माझ्याशी बोलताना तू कधी पेन हातात घेतलेलं मला आठवत नाही. परत आल्यावर ऐश्वर्याच्या आईला सांगत होतीस, की प्रितमसरांनी निळी फाईल करून दिलीय, प्रत्येक कागदाला वेगळं प्लास्टिक, पानावर रंगीत चिठ्ठ्या. जेवण होईपर्यंत मी 'प्रितमसर' अकरा वेळा ऐकलं. तो एकतीस वर्षांचा आहे, शकू. मी चौकशी केली. एकतीस वर्षांच्या पोराला सर, आणि माझ्याकडे इतकी वर्षं यायचे ते कागद पिशवीत, चकल्यांच्या डब्याखाली.

मी दहावी. हे मी कुणापासून लपवत नाही. एमआयडीसीतली कंपनी बंद पडली तेव्हा रद्दीवाल्याकडून किलोवर आणलेली कर-कायद्याची पुस्तकं वाचून शिकलो, आणि मी भरलेल्या एकाही रिटर्नला आजवर नोटीस आलेली नाही. पदवीवाले येऊन माझ्या टेबलासमोर उभे राहतात. तुला एकवीस साल आठवत असेल. माझ्या दुकानातल्या झेरॉक्स मशीनचं कर्ज, टाळेबंदीत दुकान बंद, हप्ते थकलेले, बँकेचे फोन. सगळे म्हणत होते वकील कर. मी एकटा बँकेत जाऊन बसलो आणि एक लाख अठरा हजारांच्या बाकीवर सत्तर हजार एकरकमी भरून विषय मिटवून आलो. अठ्ठेचाळीस हजार माफ. त्या दिवशी मी बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. तुलाही आणून दिले, कारण त्या कर्जाला जामीन तूच होतीस. तू पेढा खाल्लास आणि म्हणालीस, दादा, तू बँकेलाही नमवलंस. हे वाक्य मी किती वेळा आठवलं असेल, ते मोजलेलं नाही.

तर अशा माणसाला सोडून तू गेलीस, म्हणून मी प्रितमसरांची तपासणी करायचं ठरवलं. या धंद्यात काय चालतं ते मला ठाऊक आहे. कल्याणच्या फूलबाजारातली तुळसा माझ्याकडे रडत आलेली. फोनवरून एक कंपनी तिला म्हणाली, महिन्यात स्कोअर साडेसातशे करून देतो, हमी. नऊ हजार आधी घेतले, ओटीपी विचारून घेतला, आणि तिच्या रिपोर्टमधल्या खऱ्या नोंदींवरसुद्धा 'ही नोंद माझी नाही' अशा तक्रारी ठोकत सुटले. तक्रारी फेटाळल्या गेल्या, फोन बंद झाला. तिला मी समजावून सांगितलं ते तुलाही सांगतो. रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. चुकीच्या नोंदीची तक्रारही फुकट, आणि तीस दिवसांत त्यांना निकाल द्यावा लागतो. जी नोंद खरी आहे ती पंधरा हजार काय, पंधरा लाख देऊनही कुणी पुसू शकत नाही. जो पुसतो म्हणतो, तो चोर. मला मनापासून वाटत होतं की प्रितम चोर निघावा. एवढं स्पष्ट लिहितोय ते माझ्या बाजूने मोज.

नऊ तारखेला, मंगळवारी, मी वर्तकनगरला गेलेलो. मालनला सांगितलं खोपटला काम आहे. खिशात पाच प्रश्न लिहिलेली चिठ्ठी आणि हातात माझाच रिपोर्ट, नुकताच काढलेला, गिऱ्हाईक म्हणून दाखवायला. रिपोर्ट दुसऱ्यांचे वाचतो मी, स्वतःचा कधी काढला नव्हता. सुताराच्या घरी पाट नसतो तसंच. पहिल्या मजल्यावर दोन टेबलांची खोली. मी विचारलं, स्कोअर किती वाढवून द्याल? तो म्हणाला, आकडा मी कुणालाच सांगत नाही काका, खोटं पडतं. मी ओटीपी द्यायला फोन पुढे केला तर त्याने माझा हात मागे केला. मी म्हटलं, हे सगळं माणूस स्वतः फुकट करू शकतो, हे तुम्ही गिऱ्हाइकाला सांगता का? त्याने माझ्या डोक्यामागे बोट दाखवलं. भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरांत तेच लिहिलेलं होतं, माझ्या वाक्यापेक्षा कमी शब्दांत. मग पैसे कसले घेता, म्हटलं. तर म्हणे, मागे लागायचे घेतो, बँकेत खेटे घालायचे घेतो, ज्यांना वेळ नाही किंवा कुणाला सांगायचं नाही त्यांच्याकडून घेतो. पाचव्या प्रश्नात मी त्याला पकडलं. त्याचं पावतीपुस्तक मागून बघितलं, तर पावतीवरचा नंबर हाताने घातलेला होता, छापील नव्हता. तेवढीच एक चूक. ती मी त्याला सांगितली आणि त्याने वहीत लिहून घेतली.

मग त्याने माझा रिपोर्ट हातात घेतला. मी वाचतो तसाच वाचत होता, पट्टी ठेवून, एकेक ओळ. मशीनच्या कर्जाशी थांबला. म्हणाला, काका, हे तडजोडीत मिटवलेलं दिसतंय. बँकेच्या लेखी हे फेडलेलं कर्ज नाही, कमी पैशात सोडून दिलेलं कर्ज आहे. ही नोंद सात-सात वर्षं स्कोअर खाली दाबून ठेवते. मी त्याला सांगणार होतो की बँकेला मी नमवलं होतं. तेवढ्यात त्याने विचारलं, "जामीनदार कोण होतं? त्यांच्याही रिपोर्टला हे लागलं असणार."

मी म्हटलं, बहीण.

त्याने कर्जाचा नंबर पुन्हा एकदा बघितला, मग माझं नाव, आणि रिपोर्ट मिटून माझ्या हातात दिला. चहा मागवला. माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. फक्त एवढंच म्हणाला, की या कर्जाबद्दल मला काही बोलता येणार नाही काका, तुम्ही घरी बोला. शकू, त्या पोराने तुझं नावसुद्धा काढलं नाही. मला त्याचा तेव्हा सगळ्यात जास्त राग आला. चोर असता तर मी किती सुखाने घरी आलो असतो.

घरी येऊन मालनसमोर तो कागद ठेवला. तिने कागदाकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. म्हणजे तिला ठाऊक होतं. सप्टेंबरपासून. तू बँकेतून थेट आपल्या घरी आली होतीस, मी दुकानात होतो, आणि मालन म्हणाली होती की त्यांनाच सांगा, ते एका दिवसात मार्ग काढतील. त्यावर तू काय म्हणालीस ते तिने मला तुझ्याच आवाजात सांगितलं. "नको वहिनी. त्याने पेढे वाटले होते गं."

तीन रात्री मी हे वाक्य घेऊन पडलो होतो. पंधरा हजार तू स्कोअरसाठी दिले नाहीस. माझी चूक मला न कळता कुणीतरी निस्तरावी, यासाठी दिलेस. तडजोडीचं पत्र माझ्या कपाटात होतं, ते मागितलं असतंस तर प्रितमचं निम्मं काम झालं असतं, पण तू त्याला बँकेचे खेटे घालू दिलेस. आणि मी मात्र जिन्यात तुझी मिनिटं मोजत होतो. जामीन राहिलेल्या माणसाचं काय होतं, हे त्या किलोवरच्या पुस्तकांत कुठेतरी असणारच. मी गाळलं. तुला म्हणतो गाळतेस म्हणून.

परवा सोमवारी बँकेत गेलेलो. चार टेबलं फिरलो, कारण माफ झालेले पैसे परत द्यायला आलेला माणूस त्यांनी बघितलाच नव्हता. एक बाई म्हणाल्या, काका, घरी बसा ना, तुमचं सुटलंय. मी म्हटलं, माझं सुटलंय, जामीनदाराचं नाही सुटलं. शेवटी मॅनेजरने वरच्या कार्यालयाला विचारून घेतलं आणि अठ्ठेचाळीस हजार भरून घेतले. रंगीत प्रिंटरसाठी ठेवलेले होते ते. त्यावरून काही बोलू नकोस, काळ्या-पांढऱ्यावर डोंबिवलीचं अडलेलं नाही. या पत्रामागे टाचणी लावली आहे ते बँकेचं मूळ पत्र, काही येणं बाकी नाही असं. दोघांची नावं आहेत, तारीख आहे, शिक्का दोनदा मारून घेतला, पहिला फिका आलेला.

आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते. हे पत्र घेऊन मला पुढे व्हायचं होतं. तक्रार मीच टाकतो, बँकेत मीच बसतो, तुझा अर्ज मीच भरतो, हे सगळं बोलायची तयारी करून मी काल खोपटपर्यंत आलेलो. तू गर्दीत होतीस, ड्रायव्हर लोक डबे धरून उभे होते. समोरच्या बाजूला थोडा वेळ थांबलो आणि परत आलो. हा कागद तू प्रितमलाच दे. बँकेने नोंद बदलून सिबिलला कळवली की नाही, यावर पंधरा दिवस डोळा ठेवावा लागेल, तो ठेवेल. जानेवारी अखेर गाठायची तर घोडं मध्ये बदलू नये. तो विश्वासाचा आहे, हे मी तपासून लिहितोय. हे वाक्य लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. पैसे दिलेस तेही वाया गेलेले नाहीत. माझी चूक मला न सांगता झाकणारा माणूस तुला हवा होता, तो मी होऊ शकलो नसतो, तो तुला मिळाला. फक्त एक मागतो, मोठा आहे म्हणून नाही, मागतो म्हणून. कर्ज मंजूर झाल्याचं कळेल तेव्हा पहिला फोन मला कर. तव्यावर पोळी असली तरी. त्याला दुसरा कर.

तुझ्या जामिनावर उभा असलेला, तुझाच
मारुतीदादा