वाक्य माझं, फोटो साहेबांचा

३ मार्च, सोमवार
चोर! सरळसरळ चोर!
ऑफिसात शिरले तर लिफ्टसमोर हा भला मोठा स्क्रीन. आणि त्यावर माझं वाक्य — ‘मशीन बंद पडलं तर मेकॅनिक येतो, माणूस बंद पडला तर मीटिंग होते.’ खाली नव्या साहेबांचं नाव. फोटोसकट! हाताची घडी घालून हसतायत.
दिवसभर फोनवर लोकांच्या शिव्या खायच्या — ज्यांची वॉशिंग मशीन बंद पडलीत त्यांच्या. त्याआधी सकाळी पाण्याच्या कूलरशेजारच्या फळ्यावर एक वाक्य लिहायचं, एवढीच माझी चैन. येणारा-जाणारा वाचून हसला की पहिला फोन उचलायला बळ येतं. तेही उचललं यांनी!

४ मार्च
फळाच काढलाय. भिंतीला नुसती भोकं.

५ मार्च
गेले केबिनमध्ये. म्हटलं, “साहेब, ती वाक्यं माझी आहेत.”
माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा माणूस. मान वर न करता म्हणाला, “मॅडम, फळा ऑफिसचा, वेळ ऑफिसची, मार्करही ऑफिसचा. मग वाक्य कुणाचं?”
मार्कर माझा होता! घरून नेलेला! पण हे बाहेर आल्यावर आठवलं. गिऱ्हाइकांना पटापट उत्तरं देते, स्वतःच्या वेळी दातखीळ बसते.
शेजारच्या टेबलावरची घाईबाई (बस चुकेल म्हणून डबासुद्धा उभ्याने खाते) म्हणाली, “अगं, सोड ना. वाक्यच तर आहे.”
वाक्यच तर आहे! माझ्याकडे दुसरं काय आहे गं?

७ मार्च
आज स्क्रीनवर — ‘इथे दर महिन्याला बदलतो तो फक्त पासवर्ड.’ पगारवाढ नाकारली त्या दिवशी लिहिलं होतं मी. फळ्याचे फोटो काढून ठेवत असणार हा. आता त्याच पगारवाढ नाकारणाऱ्याचा फोटो खाली. वर लोक त्याला म्हणतात, “साहेब, काय मार्मिक!”
भांडी इतकी आदळली की लेक म्हणाली, “आई, तू चिडलीस की फार छान लिहितेस.” तिच्यावरही खेकसले.

१० मार्च
साहेबांनी बोलावून घेतलं. एकदम गोड. “जुनी वाक्यं संपली, मॅडम. रोज एक देत जा. वरच्यांना आवडतायत.”
“नाही देणार.”
“मग संगणक देईल.”
“घ्या की!”
बोलले एकदाची!

११ मार्च
संगणकाचं पहिलं वाक्य — ‘यंत्रासारखे धावा, फुलासारखे हसा.’ घाईबाई चक्क थांबून वाचत होती. म्हणाली, “फूल हसताना कुणी पाहिलंय?” पोट धरून हसलो. सूड म्हणजे काय ते आज कळलं.

१३ मार्च
आज काही नाही. फक्त राग.

१८ मार्च, मंगळवार
साहेबांना काढलं. फोन कुणी घ्यायचा, रजा कुणाला द्यायची, सगळं आता संगणक ठरवणार, म्हणून. खोक्यात फोटो, कप, एक जोड बूट. माझ्या टेबलापाशी थांबले. “मॅडम, घरी काय सांगू? तुम्हाला बरं सुचतं.”
मी उठले. खोक्याची एक बाजू धरली आणि लिफ्टपर्यंत गेले.