तुझ्या पायांची सूज

आई, तू गेलीस तेव्हा मी आठ वर्षांची होते. आज सदतीस वर्षांची आहे, म्हणजे तू होतीस त्याहून दहा वर्षांनी मोठी. निमोण्याच्या घरात तू चुलीपुढे पाय पसरून बसली आहेस, पोटात भाऊ आहे, आणि मी तुझ्या सुजलेल्या पायावर बोट दाबून खड्डा पाडते, तो भरून येईपर्यंत आकडे म्हणते. "नगं गं, डोकं लई ठणकतंय," तू ओरडतेस आणि लगेच भाकरीचा गरम पापुद्रा माझ्या हातावर ठेवतेस. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर अंगणात माणसं जमलेली. शिरूरला न्यायला जीप मिळेपर्यंत उशीर झाला होता. झटके आले, बाहेरचं होतं, एवढंच मला सांगितलं. तुझ्याबरोबर भाऊही गेला.

मला दौंडला दिलं. अकरा वर्षं मूल झालं नाही. घरात कुणी टोचून बोललं नाही, पण बारशांना जाणं मीच बंद केलं. शेवटी पुण्यात उपचार घेतले. रोज पोटात इंजेक्शन. नवरा कंपनीतून आला की हात धुऊन ते द्यायचा, आणि देताना स्वतःच तोंड वाकडं करायचा. दोन गर्भ पिशवीत सोडले, दोन्ही टिकले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "टेस्ट ट्यूबचं जुळं, त्यात वय. बीपी वाढायचा धोका जास्त. आईला बाळंतपणात काही त्रास होता का?" मी झटक्यांचं सांगितलं, पायावरच्या खड्ड्यांचंही सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आईला तोच आजार असणार. तुम्हाला आपण जपू." मग रोजची एक छोटी गोळी दिली आणि घरी बीपीचं मशीन घ्यायला लावलं.

त्या रविवारी मी माहेरी, निमोण्याला गेले. आप्पा ओट्यावर मेथी निवडत होते. "आप्पा, आईला बाहेरचं नव्हतं. तिचं बीपी वाढलं होतं." त्यांनी निवडलेली पानं देठांच्या ढिगात टाकली. मग म्हणाले, "त्या साली देवाला सोडल्यालं बकरं म्या इकलं हुतं. लोकं म्हनली, त्येचंच झालं. म्हंजी, त्येच्यामुळं न्हाई?"

"न्हाई, आप्पा."

"नक्की?"

"व्हय."

एवढी वर्षं ते हे एकटेच घेऊन बसले होते. त्या दुपारी त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

चौतिसाव्या आठवड्यात एका सकाळी माझं डोकं ठणकायला लागलं. मशीनवर एकशे सत्तर. सासूबाई म्हणाल्या, "जुळ्यात सूज यायचीच," पण बोलता बोलता पिशवी भरत होत्या. पुण्याला पोचेपर्यंत डोळ्यांपुढे चमकायला लागलं. झटके येऊ नयेत म्हणून शिरेतून औषध दिलं, तेव्हा सगळं अंग आतून पेटल्यासारखं झालं आणि मनात एकच आलं, हे तुला मिळायला हवं होतं. दुपारी सिझर झालं. दोन मुली, दोघी दोन किलोला थोड्या कमी. पंधरा दिवस काचेच्या पेटीत होत्या. आता सात महिन्यांच्या आहेत, एकमेकींची बोटं चोखतात. आप्पा दर गुरुवारी एसटीने येतात, दोघींना दोन मांड्यांवर घेतात आणि मग कुणाकडे द्यायला तयार नसतात.

हे पत्र कुठं धाडणार? कपाटातच राहील. म्हणून एक सांगून टाकते. मुलींना निजवताना मी एक गाणं म्हणते आणि सगळ्यांना सांगते की हे माझ्या आईचं. तसं नाही गं. तुझा आवाज मला आठवत नाही. ते गाणं मी मोबाईलवर शिकले.